पट्टीसाहेबांचे धडे

शिकवणं हा पट्टीसाहेबांचा पिंड नव्हता आणि शिकणं हा काकूंचा. त्यात शिकायचं काय, तर कंप्युटर. म्हणजे भांडणाला आयतंच निमित्त.

"अगं, तिथे नाही, वर बघ. वर म्हणजे वर!"

"वर म्हणजे कुठे? छताकडे बघू का?"

"स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं, मग बोट चालवायचं. मशीनवर शिवताना अशीच डोळे मिटून बसतेस का?"

"मशीन मला टाकून बोलत नाही," असं म्हणून काकू खुर्ची मागे सारून उठायच्या. मग साहेब आणखी काहीतरी लागेल असं बोलायला जायचे, आणि बोलता बोलता खोकला सुरू व्हायचा. तो एकदा सुरू झाला की लवकर थांबायचा नाही. काकू स्वयंपाकघरातून पाणी घेऊन परत यायच्या, पाठीवरून हात फिरवत उभ्या राहायच्या, आणि त्या दिवसाचा धडा तिथेच संपायचा. लाइट बिल आपलं तसंच.

साहेब पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे आखायचे. शहराच्या पोटातून कुठली पाइपलाइन कुठे जाते ते त्यांनी उभी हयात कागदावर आणि नंतर कंप्युटरवर काढलं. हातात सदा पट्टी, आणि माणूसही पट्टीसारखाच सरळ आणि ताठ, म्हणून ऑफिसात नाव पडलं पट्टीसाहेब. ते नाव घरापर्यंत आलं आणि घरचंच झालं. काकू कपडे दुरुस्त करून द्यायच्या. कुणाची चेन बदल, कुणाची पँट आखूड कर. सगळी इमारत त्यांना काकू म्हणायची, वयानं मोठ्या बायकासुद्धा. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत एका भिंतीला साहेबांचा कंप्युटर आणि समोरच्या खिडकीशी काकूंचं मशीन, असा दोघांचा संसार पाठीला पाठ लावून इतकी वर्षं चाललेला.

बँक, बिलं, घरपट्टी, पेन्शनचा दाखला, जे काही बाहेरच्या जगाशी करायचं ते साहेब कंप्युटरवर करायचे. काकूंनी त्यात कधी लक्ष घातलं नाही. घालायची वेळच आली नव्हती.

आता आली होती. साहेबांच्या फुप्फुसात जे निघालं त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. 'ते' म्हणायचे. सलाइनमधून द्यायच्या औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक फेरीनंतर काकूंना साहेबांच्या पँटी कमरेत आत घ्याव्या लागल्या होत्या. दुसऱ्या खेपेला तर कापड इतकं उरलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले. काकूंनी ती पँट तशीच घडी करून कपाटात ठेवली आणि नवीन आणली, लहान मापाची.

तिसरी फेरी बाकी होती. डॉक्टर म्हणाले होते, "घेतली तर थोडे महिने मिळतील. कदाचित नाहीही मिळणार, मी खोटं सांगत नाही. पण घ्यावी." त्या एवढ्या बोलण्यातला 'घ्यावी' तेवढा काकूंनी धरून ठेवला होता. हॉस्पिटलनं खाट राखून ठेवली होती. साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, "बघू."

"बघू काय? बघायचंय काय त्यात?"

"बघू म्हटलं ना."

एवढ्यावरच गाडी अडायची. काकूंना तो 'बघू' असा झोंबायचा की विचारू नका. अहो, माणूस बुडतोय, काठावरून कुणीतरी दोरी टाकतंय, आणि हा म्हणतोय बघू! नाही घेतली दोरी तर माझं काय होईल याचा विचार तरी करतो का हा माणूस, असं त्यांच्या मनात यायचं. मग आपण स्वतःचाच विचार करतोय म्हणून लाजही वाटायची. पण हेका सोडला नाही. सकाळी चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी गोळ्यांबरोबर एकदा, तिसऱ्या फेरीचा विषय निघायचाच.

व्हिडिओचं खूळ काढलं ते पुतणीनं. साहेबांच्या धाकट्या भावाची मुलगी, दुसऱ्या शहरात नोकरी करणारी, रविवारी फोन करायची. धड्यांची दोन्हीकडची रडगाणी ऐकून ती म्हणाली, "काका, तुम्ही दोघं एका खुर्चीजवळ आलात की युद्धच. तुम्ही एकटे बसा. जे करायचं ते करा आणि करताना तोंडानं सांगत जा. कंप्युटर स्क्रीनचा व्हिडिओ काढेल. काकू सवडीनं बघेल. अडलं तर परत बघेल."

"त्याला काही विकत घ्यावं लागेल का?"

"काही नाही. कंप्युटरच्या पोटातच असतं ते. तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच."

माहीत नव्हतं हे शब्द साहेबांना लागले असणार. फोन कानाला धरून त्यांनी ते तिथल्या तिथे शिकून घेतलं. बटणं दाबली की स्क्रीन मंद होते, जेवढा भाग हवा तेवढ्याभोवती बाणानं चौकट ओढायची, सुरू म्हणायचं, तीन-दोन-एक होतं, आणि मग त्या चौकटीत बाण जिथे जिथे जाईल ते सगळं टिपलं जातं. थांबवलं की फाइल तयार. साहेबांना त्यातली चौकट ओढणं फार आवडलं. जन्मभर चौकटीच ओढल्या होत्या. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ते दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. काकूंनी मशीन घेऊन स्वयंपाकघरात जायचं आणि मधलं दार लावून घ्यायचं.

"मी काय अडचण करतेय इथे?"

"तू मध्ये बोलतेस."

"नाही बोलणार."

"तू न बोलतासुद्धा मध्ये बोलतेस. जा."

खरं कारण काकूंना कळत होतं. साहेबांचा आवाज गेला होता. म्हणजे पुरता नव्हे, पण फाटक्या भात्यातून यावा तसा यायला लागला होता, वाक्याच्या मध्येच हवा संपायची. घरात चार शब्द बोलणं वेगळं आणि सलग समजावून सांगणं वेगळं. तो आवाज बायकोनं समोर बसून ऐकावा हे त्यांना नको होतं. म्हणून काकू काही न बोलता मशीन ओढत आत गेल्या आणि दार लावलं.

मग रोज सकाळी तेच. दाराआडून नुसती गुणगुण यायची, मध्येच खोकला, मग शांतता, मग परत गुणगुण. काकू मशीन थांबवून कान द्यायच्या. शब्द कळायचे नाहीत. सूर मात्र ओळखू यायचा, शांत आणि समजावणीचा. हा सूर आपल्या वाट्याला कधी आला नाही, असं मनात यायचं आणि राग यायचा. रागाच्या भरात एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उलटी जोडली आणि सगळी उसवत बसल्या.

दार उघडलं की साहेब घामानं भिजलेले असायचे. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवून, डोळे मिटून.

"झालं आजचं?"

"बँक झाली. उद्या घरपट्टी."

"एवढा जीव काढून कशाला करताय? तिसरी फेरी घ्या, बरे व्हा आणि तुम्हीच भरा घरपट्टी."

"बघू."

खाटेची तारीख जवळ येत चालली तसा काकूंचा जीव टांगणीला लागला. हॉस्पिटलातून दोनदा फोन आला, येताय ना म्हणून. दोन्ही वेळा फोन काकूंनी उचलला आणि दोन्ही वेळा "येतोय, येतोय" म्हणाल्या. साहेब ऐकत होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मग एके दिवशी ते म्हणाले, "सगळे व्हिडिओ झाले."

रक्त तपासायला जायचं होतं. खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला घेऊन जाणार होता. बूट घालता घालता साहेब बूट बघत बोलले, कारण महत्त्वाचं बोलायचं असलं की या माणसानं जन्मात कधी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं नाही. "मी येईपर्यंत बघून घे. नावं घालून ठेवलीत. क्रमानं बघ. शेवटचा शेवटीच बघ."

"त्यात काय आहे?"

"बघ म्हटलं ना. मी आल्यावर बोलू."

ते गेले. काकूंनी हात धुतले, पुसले, आणि परक्याच्या घरात बसावं तशा साहेबांच्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. पहिला व्हिडिओ लाइट बिलाचा. उघडला. बाण आला, गेला, एका चौकोनावर थांबला. त्याभोवती दोन वेळा गोल फिरला. आवाज नव्हता. काकूंनी आवाजाचं चित्र शोधलं, त्यावर काट होती. आलं लक्षात. या घरातल्या प्रत्येक यंत्राचं तोंड साहेबांनी बांधलेलं असायचं. फोनची घंटी बंद, तो नुसता थरथरायचा, कपडे धुवायच्या मशीनची शिट्टी बंद, दारावरच्या बेलची तर वायरच काढलेली, येणाऱ्यानं दार बडवावं. यंत्रानं काम करावं, बोलू नये, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी काट काढली, आवाज शेवटपर्यंत चढवला. तरी शांत.

दुसरा उघडला. शांत. तिसरा, चौथा. पुतणीच्या वाढदिवसाचा एक जुना व्हिडिओ तिथे होता, तो लावला तर इतक्या जोरात गाणं सुरू झालं की काकू दचकून उभ्याच राहिल्या. म्हणजे आवाज होता. साहेबांच्या व्हिडिओंत तेवढा नव्हता.

त्यांनी पुतणीला फोन लावला. पुतणीनं दोन-चार प्रश्न विचारले आणि मग गप्प झाली.

"अगं बोल की."

"काकू, तिथे एक माइकचं चित्र असतं. त्यावर रेघ असली की बोललेलं आत जात नाही. पहिल्यांदा रेघ असतेच, आपण काढायची असते. मी... मी सांगायला विसरले. मला वाटलं काका बघतील."

काका कसले बघतात! काट मारलेलं चित्र दिसलं असेल आणि आपणच मारलीय म्हणून समाधान वाटलं असेल. व्हिडिओ झाल्यावर परत लावून पाहिलेही असतील, बाण नीट दिसतो की नाही ते. आवाज कशाला ऐकतील? स्वतःचा तो आवाज त्यांना कानाआड करायचा होता म्हणून तर दार लावलं होतं.

"आता काढता येईल का काही करून?"

"आत गेलाच नाही तर काढणार कुठून, काकू?"

"बरं. काकांना सांगायचं नाही. ब्र काढायचा नाहीस, सांगून ठेवते."

"पण..."

"ते परत सगळे करायला बसतील. कळलं? परत सगळे."

फोन ठेवला आणि काकूंचं अवसानच गळालं. या माणसानं दाराआड बसून उरलासुरला श्वास त्या डब्यात ओतला होता, आणि डब्याचं झाकणच उघडलेलं नव्हतं. मग साहेब येतील, विचारतील, या धास्तीनं उठून नाक पुसलं आणि लाइट बिल परत लावलं.

आणि गंमत बघा, कळायला लागलं. साहेब नकाशेवाले. बाण असा जायचा की बोट धरून नेल्यासारखा. जिथे चुकायचा संभव, तिथे थांबायचा, पुढे-मागे व्हायचा, परत दाखवायचा. काकूंनी व्हिडिओ थांबवत थांबवत खरंच लाइट बिल भरलं. भरलं म्हणून हिरवी खूण आली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा नवरा न ओरडता शिकवत होता! काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या कधी रडायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मग शेवटचा लावला.

त्यात बँक नव्हती, बिल नव्हतं, काहीच उघडलेलं नव्हतं. नुसता निळा पडदा आणि मध्ये बाण. बराच वेळ तो हललाच नाही. मग डावीकडे सरकला, परत आला. एक सरळ रेघ मारल्यासारखा या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, त्याच वाटेनं परत आला. मध्ये एकदा थरथरला, तेव्हा खोकला आला असणार. मग गोल फिरायला लागला, लहान लहान, फोनवर बोलताना माणूस कागदावर गिरवत बसतो तसा. आणि शेवटी अगदी मध्यावर येऊन थांबला आणि व्हिडिओ संपेपर्यंत तिथेच राहिला.

साहेब इथे काहीतरी बोलले होते. काकूंशी बोलले होते. काकूंनी तो परत लावला, परत लावला, स्पीकरला कान लावून ऐकला. नुसता निळा पडदा.

साहेब आले ते थकून. टॅक्सीवाल्यानं वरपर्यंत धरून आणलं. काकूंनी बूट काढले, पाय वर घेतले, गरम सूप दिलं.

"बघितलेस?"

"बघितले. लाइट बिल भरलंसुद्धा."

"काय सांगतेस!" साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद आला की काकूंनी नजर दुसरीकडे वळवली. "बघ. पद्धत असते शिकवायची. मी सांगितलं तसं केलंस ना, खालच्या रकान्यात आधी ग्राहक नंबर?"

"तुम्ही सांगितलंत तस्संच केलं."

"ऐकू आलं ना नीट? मध्ये मध्ये आवाज..."

"स्वच्छ ऐकू आलं."

साहेब समाधानानं मागे रेलले. काकूंनी कप उचलला, धुतला, उगाच परत धुतला. विषय संपला असं वाटून बाहेर आल्या तर साहेब चादरीच्या काठाशी चाळा करत बसले होते.

"आणि शेवटचा?"

"तोही बघितला."

"मग?"

"मग काय?"

"मी विचारलंय त्याचं." साहेब चादरीकडे बघत होते. "उत्तर लगेच दे असं नाही. पण दे."

विचारलंय! नुसतं बोलले नव्हते, विचारलं होतं. काय विचारलं असेल? त्या क्षणात काकूंनी मनात सगळं धुंडाळलं. सगळे व्हिडिओ कशासाठी होते? मी नसलो तर तुझं अडू नये म्हणून. मग शेवटी माणूस काय विचारेल? जमेल ना तुला एकटीला, हेच. दुसरं काय असणार? तो बाण मध्यावर येऊन थांबला होता, तो असाच काहीतरी विचारून थांबल्यासारखा होता. आणि खरं सांगायचं, तर ते व्हिडिओ मुके आहेत हे या थकलेल्या माणसाला आत्ता सांगण्याची त्यांची छाती झाली नाही.

"हो," काकू म्हणाल्या.

साहेबांनी मान वर केली. या खेपेला तोंडाकडे पाहिलं, सरळ. "नक्की?"

"नक्की."

"मनापासून म्हणतेस? नंतर माझ्यावर रागावणार नाहीस?"

"तुमच्यावर रागावून कुणाचं भलं झालंय?"

साहेबांनी त्यांचा हात धरला. धरून बसले. डोळे भरले होते आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. संध्याकाळी ते पोटभर जेवले, काकूंनी वाढलेलं सगळं. गोळ्यांच्या वेळी काकूंनी तिसऱ्या फेरीचा विषय काढला नाही, आजचा दिवस तरी नको म्हणून, आणि साहेब कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. काकूंना वाटलं, एका खोट्यानं एवढं होत असेल तर होऊ दे.

सकाळी त्या खाली जाऊन गिऱ्हाइकाचा कोट देऊन आल्या. दार ढकललं तर साहेब फोनवर बोलत होते, थांबत थांबत, पण ठाम.

"हो, तिसरी फेरी. ती खाट. रद्द करा... नाही, पुढची तारीख नको. आता येणारच नाही... बायकोशी बोलणं झालंय माझं. तिची संमती आहे."

काकूंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पुढे होऊन त्यांनी फोन हिसकावून घेतला. "थांबा! काही रद्द करू नका. मी, मी बायको बोलतेय. थांबा." पलीकडचा माणूस कंटाळून म्हणाला की दुपारपर्यंत नक्की काय ते कळवा, खाटेसाठी लोक थांबलेत. काकूंनी फोन टेबलावर आपटला.

"संमती? कसली संमती? कधी दिली मी?"

"काल." साहेबांचा चेहरा उतरला होता. "अगं, काल तूच हो म्हणालीस. नक्की म्हणालीस. मनापासून."

"मी ते म्हणाले... मला वाटलं..." आणि मग काकूंचा बांध फुटला. "मला काही ऐकूच आलं नाही! एक शब्द नाही! तुमच्या एकाही व्हिडिओला आवाज नाही. माइक बंद होता, सगळे मुके आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत! आणि तुम्ही तेवढ्यावर मरायला निघालात!"

साहेब उठले, भिंतीला धरून कंप्युटरपाशी गेले, बसले. चौकट ओढायची खिडकी उघडली. माइकच्या चित्रावर रेघ होती. साहेब तिच्याकडे बघत राहिले. स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाच, असं आयुष्यभर दुसऱ्याला सांगणारा माणूस. काकूंच्या ओठावर ते आलंही, पण त्यांनी गिळलं.

"सगळे?"

"सगळे."

"मग लाइट बिल कसं भरलंस?"

"बाण बघून."

साहेबांना हसू आलं. हसण्याचं खोकल्यात झालं, आणि तो खोकला थांबेपर्यंत काकू पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पाठीचे मणके हाताला लागत होते.

"काय विचारलं होतंत?" काकूंनी विचारलं. "आता सांगा. तोंडानं."

"तोंडावर नाही जमायचं मला."

"का नाही जमायचं? मी काय परकी आहे?"

साहेब उठले. त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, तोंड स्क्रीनकडे करून. स्वतः मागे, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. वाकून शेवटचा व्हिडिओ लावला. "तू तिकडे बघ. इकडे वळू नकोस," म्हणाले.

निळा पडदा, मध्ये बाण. आणि मागून साहेबांचा आवाज.

"हे... कसं सांगायचं मला कळत नाही म्हणून... असं सांगतोय." बाण डावीकडे सरकला, परत आला. "दुसऱ्या फेरीत मी बाथरूमपर्यंत पोचलो नाही, आणि तू... तू रात्रंदिवस चादरी धूत होतीस. मला त्याची लाज नाही वाटत. वाटायची, आता नाही. पण तिथे, त्या वॉर्डात, तू खुर्चीत बसून झोपायचीस, आणि मला वाटायचं, मी आता गेलो तर हिला कळणारसुद्धा नाही. नर्स येऊन उठवेल."

बाण सरळ रेघेत निघाला होता. साहेबांचा श्वास मात्र मागे पडत होता. ज्या दिवशी हे बोलले त्या दिवशी एवढा तरी दम होता, आज तोही नव्हता. बाण थरथरला तेव्हा साहेब अजून वॉर्डाबद्दलच बोलत होते. बाण गोल फिरायला लागला तेव्हा ते थांबून हवा घेत होते. बाण मध्यावर येऊन थांबला, व्हिडिओ संपला, पडदा काळा झाला, आणि त्यात काकूंना साहेब दिसायला लागले, आपल्या मागे उभे, तोंड उघडं.

प्रश्न अजून यायचाच होता.

"मला नाही जायचं तिथे," साहेब म्हणाले. आता बघायला काही उरलं नव्हतं, तरी काकू वळल्या नाहीत. "मला इथे राहायचंय. जेवढं असेल तेवढं. पण तू म्हणालीस जा, तर मी जाईन. खरंच जाईन. तुझ्या मनाविरुद्ध घरी बसून मरायचं, तर त्यात मला काही सुख नाही. म्हणून विचारतो. राहू का मी घरी?"

खिडकीतून खालच्या गाड्यांचे आवाज येत होते. काकूंना 'नाही' म्हणायचं होतं. तो शब्द कित्येक दिवस त्यांच्या तोंडात तयार होता. एक 'नाही' म्हटलं की हा माणूस बूट घालून निघेल, हे त्यांना आता ठाऊक होतं. आणि कदाचित थोडे महिने मिळतील. मिळाले तर ते वॉर्डातल्या त्या खुर्चीत मिळतील. काल एका 'हो'वर हा पोटभर जेवला होता. काल हा झोपला होता.

"मला नाही पटत," काकू म्हणाल्या. "मला तुम्ही हवे आहात. कसेही. त्या वॉर्डात, नळ्या लावलेले, तसेही चालतील मला. तुम्हाला नाही चालणार, पण मला चालतील."

"माहीत आहे."

"आणि मला काही जमणार नाही तुमच्यामागे. बिलं भरेन, पण जमणार नाही."

"माहीत आहे गं."

काकू काळ्या पडद्याकडे बघत बसल्या. मग हात लांब करून त्यांनी टेबलावरचा फोन घेतला आणि हॉस्पिटलला लावला. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवरून त्यांच्या खांद्यावर आला होता, अगदी हलका, कपड्याची घडी ठेवावी एवढा.

सकाळचाच कंटाळलेला माणूस बोलत होता. काकूंनी नाव सांगितलं, खाट सांगितली, रद्द करा म्हणाल्या.

"बाई, मघाशी तुम्हीच थांबवलंत. आता नक्की ना? एकदा दिली की परत मिळायची नाही."

"नक्की."

"मग संमती कोणाची लिहू? मघाशी पेशंट म्हणाले बायकोची, तुम्ही म्हणालात थांबा. कोणाची आहे?"

"माझी," काकू म्हणाल्या. "आता ऐकून देतेय."

"काय म्हणालात? नीट कळलं नाही."

"काही नाही," काकू म्हणाल्या. "माझी लिहा. आणि खाट जे थांबलेत त्यांना द्या."